केंब्रिजचा एक दिवस

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला केंब्रिजच्या दिवसाचा तक्ता मिळाला. बाबांनी तो बाजारात जाऊन छापून आणला आणि आम्ही दोघांनी संध्याकाळी ओटीवर बसून वाचला. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चौदा ठिकाणं, आणि मध्येच इलीला जाऊन तिथलं कॅथीड्रल बघून यायचं. आईबाबांना काही बघायचं राहू नये म्हणून तू हे सगळं जुळवलंस, ते कळतं रे. तरी त्यातली नऊ ठिकाणं मी खोडली आहेत. का, ते सांगते.

आधी तारीख. तू सप्टेंबरचा शेवटचा शनिवार धरला आहेस. त्याऐवजी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार धर आणि एक दिवसाची रजा काढ. केंब्रिजचं सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतं. सप्टेंबरात विद्यार्थी गावी गेलेले असतात आणि किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधला गायकवृंदही सुट्टीवर असतो. मला ते गाव मुलांनी भरलेलं बघायचं आहे. एकतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला रिकामी शाळा बघवत नाही.

लंडनमधल्या हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाईनने थेट किंग्ज क्रॉस, आणि तिथून जलद गाडी तासाभरात पोचवते. तिघं एकत्र असलो आणि गर्दीच्या वेळा सोडल्या तर ग्रुपसेव्ह म्हणून तिकिटावर एक तृतीयांश सवलत मिळते. तेव्हा सातची गाडी नको, साडेनऊनंतरची बघ. बाबांना सकाळची गोळी घेऊन, नीट नाश्ता करून निघता येईल. स्टेशनपासून जुनं गाव दीड-दोन किलोमीटर आहे, तेवढं बसने जाऊ. त्यांचा गुडघा गावातल्या दगडी रस्त्यांसाठी राखून ठेवायचा आहे. म्हणूनच ग्रेट सेंट मेरीज चर्चचा मनोरा खोडला, १२३ पायऱ्या आहेत त्याला. तुला वर जायचं असेल तर तू जरूर जा, आम्ही खाली बाकावर बसू.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तुझ्या तक्त्यात सेनेट हाऊसला पाच मिनिटं आहेत, ‘बाहेरून फोटो’ असं लिहिलं आहेस. मला तिथे एक तास हवा.

अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मी सातवीत असताना मला मुर्डीला नेलं होतं. आंजर्ल्याजवळचं ते गाव. नारळी-पोफळी, चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणारी पाखाडी, आणि एका वळणावर थांबून अण्णा म्हणाले, “रघुनाथ परांजपे या गावचा.” १८७६ सालचा जन्म. मुंबईत धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने शिकला, मग पुण्यात फर्ग्युसनला, आणि तिथून केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. तिच्यात पहिल्या वर्गात येतो तो रँग्लर, आणि त्या सगळ्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली सीनियर रँग्लर म्हणून दोन नावं बरोबरीने वाचली गेली, एक इंग्रज मुलाचं आणि एक आपल्या मुर्डीच्या मुलाचं. त्याआधी हा मान कुठल्याच भारतीयाला मिळालेला नव्हता. त्यानंतर ते ठरल्याप्रमाणे परत आले आणि फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले, वीसेक वर्षं प्राचार्य होते. अण्णा हे सांगताना नेहमी ‘परत आले’वर थांबायचे. तुला मी हे टोचून म्हणत नाही, अमेय. अण्णांची ती सवय होती, एवढंच.

ती नावं वाचली जायची ती जागा म्हणजे हे सेनेट हाऊस. १७३० साली बांधून झालेली पांढऱ्या दगडाची इमारत, पुढे हिरवळ, आणि हिरवळीवर आपल्याला जाता येत नाही. कठड्याशी उभं राहायचं. १९०९ नंतर क्रमांक लावणं त्यांनी बंद केलं, त्यामुळे सीनियर रँग्लर ही गोष्टच संपली.

पण मला तिथे आणखी एका नावासाठी उभं राहायचं आहे. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

नववीच्या वार्षिक परीक्षेत गणितात मला १५० पैकी १४३ मिळाले होते. निकालाच्या दिवशी पटांगणात सगळी शाळा बसलेली. आधी मुलांची यादी वाचली. गणितात पहिला म्हणून एका मुलाला पुढे बोलावलं, १३८ गुण, टाळ्या झाल्या, बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. मग मुलींची यादी. माझं नाव ‘मुलींमध्ये पहिली’ म्हणून वाचलं आणि मी होते तिथे नुसती उभी राहून खाली बसले. गुण वाचलेच नाहीत. घरी येऊन प्रगतिपुस्तक अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि काही न बोलता चपला घालून बाहेर गेले. रात्री माझ्या दप्तरापाशी नवी कंपासपेटी होती. तुझ्या कपाटात गंजलेली पिवळी पेटी आहे ना, तीच.

पुढे कितीतरी वर्षांनी, नोकरीत असताना, फिलिपा फॉसेटची हकीकत वाचनात आली. न्यूनम कॉलेजची विद्यार्थिनी. केंब्रिजमध्ये तेव्हा बायकांना परीक्षेला बसू द्यायचे, पदवी मात्र देत नसत. त्यांची नावंही पुरुषांची यादी संपल्यावर वेगळी वाचायचे. १८९० साली सेनेट हाऊसमध्ये पुरुषांची यादी वाचून झाली, सीनियर रँग्लरचा जयजयकार झाला. मग बायकांची यादी आली आणि फिलिपाच्या नावापुढे वाचणाऱ्याने शब्द उच्चारले: ‘सीनियर रँग्लरच्या वर’. पहिल्यापेक्षाही वर! सभागृह दणाणून गेलं. तरी मान त्या मुलाकडेच राहिला आणि तिला पदवी मिळाली नाही. सात वर्षांनी बायकांना पदव्या द्यायच्या का यावर मतदान झालं, तेव्हा सेनेट हाऊससमोरच्या एका खिडकीतून सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला होता आणि ठराव मोठ्या मतांनी पडला. १९४८ साली केंब्रिज बायकांना पूर्ण पदवी देऊ लागलं. फिलिपा त्याच वर्षी गेली.

ती हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात भूमितीचा तास होता, तो बाजूला ठेवून मी मुलींना हीच गोष्ट सांगितली. नंतर दरवर्षी सांगत आले. म्हणून एक तास हवा. १८९० आणि १८९९, एकाच छताखाली वाचलेली ही दोन नावं मला तिथे उभं राहून मनात म्हणायची आहेत.

सेनेट हाऊसच्या बाजूने एक बोळ जातो, त्यात गॉनव्हिल अँड कीज कॉलेजचं एक लहानसं दार आहे. त्या कॉलेजला तीन दारं. विद्यार्थी येतो तो विनयाच्या दाराने, मधलं दार सद्गुणाचं, आणि पदवी घ्यायला सेनेट हाऊसकडे निघतो तो सन्मानाच्या दाराने. हे दार सोळाव्या शतकातलं, माथ्यावर सूर्यघड्याळं बसवलेली. ते नीट बघू.

बाकी दिवस आता भराभर सांगते. बस ट्रंपिंग्टन स्ट्रीटच्या बाजूला सोडेल अशी बघ. त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना पाण्याचे दगडी पाट आहेत, सतराव्या शतकात गावाबाहेरच्या झऱ्यांचं पाणी आणलं त्या योजनेतले. आपल्या आगरातल्या पाटासारखेच असावेत असं चित्रावरून वाटतं. ऑक्टोबरात पाणी असेल-नसेल, पण बाबांना ते दाखवायचेच आहेत. तिथेच फिट्झविल्यम म्युझियम आहे, प्रवेश फुकट. आत दोन-तीन दालनांपेक्षा जास्त नको. म्युझियमच्या समोर पूर्वी फिट्झविल्यम हाऊस होतं. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली तिथे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली काम करू लागले. त्यांचे वडीलही रँग्लर. चिंतामणराव देशमुख जीझस कॉलेजचे, पण ते दुसऱ्या टोकाला आहे. त्यांना या खेपेला लांबूनच नमस्कार.

तिथून जवळच सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावर थांबलं की क्वीन्स कॉलेजचा लाकडी ‘गणिती पूल’ दिसतो, त्यासाठी तिकीट लागत नाही. तुझ्या तक्त्यात ‘न्यूटनने बांधलेला’ असं आलं आहे, ते काढून टाक. न्यूटन १७२७ साली वारला आणि पूल १७४९ चा, पुढे दोनदा त्याच आराखड्यावर नव्याने उभारलेला. खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. लांबून कमान दिसते, पण त्यात एकही लाकूड वाकवलेलं नाही. सरळ तुळया एकापुढे एक स्पर्शिकांसारख्या लावल्या आहेत आणि त्यांना बांधणारी लाकडं त्रिज्यांच्या दिशेने जातात. वर्तुळाला स्पर्शिका काढत गेलं की वर्तुळ आपोआप उमटतं, हे मी फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं असेल! तिथे ते माणसांच्या पायाखाली उभं आहे. मी वही-पेन्सिल घेऊन येणार आहे, पंधरा मिनिटं मला कुणी हलवू नका.

होडी ठेवली आहे. चालवणाऱ्यासकट घे, तू स्वतः चालवायचं म्हणू नकोस. दाभोळच्या खाडीत लहानपण गेलेल्या बाबांना, तळाला काठी रेटून होडी कशी चालवतात ते जवळून बघायचं आहे. बसायची जागा खोल असते, तेव्हा चढताना त्यांचा हात धर. पाऊण तासात कॉलेजांच्या मागच्या बाजू, सेंट जॉन्सचा बंदिस्त पूल, रेन लायब्ररी, सगळं पाण्यातून दिसतं आणि तेवढं चालणं वाचतं.

रेन लायब्ररी आतूनही बघायची आहे. ट्रिनिटी कॉलेजचं हे ग्रंथालय बाहेरच्यांना दिवसातून थोडाच वेळ उघडं असतं, तेव्हा वेळ आधी पाहून ठेव आणि बाकी दिवस त्याभोवती बसव. न्यूटनची स्वतःची, त्याच्या हातच्या दुरुस्त्या असलेली ‘प्रिन्सिपिया’ची प्रत तिथे आहे. रामानुजनची ती हरवलेली वहीही याच ग्रंथालयात आहे. मद्रासला परतल्यावर आजारपणात लिहिलेली सुटी पानं, त्यांवर सहाशेच्या वर सूत्रं, १९७६ साली एका पेटीत सापडली. ती बाहेर मांडलेली नसली तरी चालेल. त्या खोलीत आहे, एवढं मला पुरेसं आहे.

दुपारचा डबा मी करीन, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. हॉटेलात तासभर घालवायचा नाही.

शेवट किंग्जच्या चॅपेलमध्ये. दुपारी तिकीट काढून गर्दीत बघण्यापेक्षा संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊ. सत्रात ती बहुतेक दिवशी असते आणि कुणालाही बसू देतात, पैसे घेत नाहीत. रांग लागते म्हणून अर्धा तास आधी पोचू. १४४६ साली सहाव्या हेन्रीने पाया घातला, मधे यादवीत काम रखडलं, वरचं पंख्यासारखं दगडी छत १५१५ ला पुरं झालं. भिंतीचा दगड खाली पांढरा आणि वर जरा पिवळसर आहे. काम कुठे थांबलं होतं ते त्या रंगावरून कळतं. ऑक्टोबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मुलं गात असताना काचांवरचे रंग हळूहळू विझतील. शब्द मला कळणार नाहीत. बसून ऐकीन.

इली पुढच्या खेपेला. खरेदी अजिबात नको.

मंगळवारची रजा मिळाली की कळव, आणि तिकीट काढण्याआधी चॅपेल त्या दिवशी बंद तर नाही ना, ते पाहून घे. आणि हो, ती पिवळी कंपासपेटी मी सोबत आणते आहे.

तुझी,
आई