आईचा टॅब आणि लाल फुली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विस्मरण टाळायला रोज दहा मिनिटं ब्रेन गेम खेळा, असं तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी आई ८१ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली आणि मी एसटीतून रिटायर झाल्यापासून दिवसभर तिच्याबरोबरच असतो.

मुलाने पुण्याहून आजीसाठी टॅब पाठवला, त्यात असलंच एक ॲप, वर्षाचे पैसे आधीच भरलेले. दोन सारखी चित्रं शोधायची आणि वर सेकंद पळतायत. म्हाताऱ्या माणसाचं बोट कोरडं, स्क्रीनला लागतच नाही, म्हणून ती जोरात दोनदा दाबते की भलतंच काहीतरी उघडतं आणि लाल फुली येते. तिसऱ्या फुलीला आईने टॅब पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी नापास झाले का रे?" त्या दिवशी धड जेवली पण नाही.

मग मी जरा वाचायला लागलो. २०१६ साली अमेरिकेत ल्युमॉसिटी नावाच्या ब्रेन गेमवाल्यांना खोट्या दाव्यांच्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले होते. उपचार कसे करावेत याच्या शिफारशी देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट म्हटलंय की सौम्य ते मध्यम अल्झायमरला (हा डिमेन्शियाचाच एक प्रकार) मेंदूचं ट्रेनिंग, म्हणजे तोच तोच व्यायाम घोटून घेणं, देऊ नका. पण त्याच गाइडलाइनमध्ये कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी द्या म्हटलंय, म्हणजे काही जणांनी एकत्र बसून खाणं, लहानपण, पैसे, आवाज असल्या विषयांवर गप्पा मारायच्या, ४५ मिनिटांची एक अशी १४ सत्रं, आणि त्यात बरोबर-चूक काही नसतं. दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच नावाने विकल्या जातात, माझी खरी तक्रार ही आहे.

टॅब मी फेकला नाही हं. पारी नावाच्या वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे, एक लाखाहून जास्त ओव्या, त्यातल्या काही बायकांच्या स्वतःच्या आवाजात. एक लावली तर आईचा हात मांडीवर गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा, आणि दुसरी ओळ त्या बाईच्या आधी हिने म्हटली. माझं नाव तिला सकाळपासून आठवत नव्हतं. मग आजीचं जातं कुठे होतं, दळण कोण करायचं, कण्या कशा शिजवायच्या यावर अर्धा तास बोलत होती, त्यातलं निम्मं खरं असेल नसेल, मी काही दुरुस्त केलं नाही. पण मी शेजारी नसलो आणि नुसता टॅब लावून दिला तर पाच मिनिटांत डोळे मिटते, हेही सांगायला पाहिजे.

व्हिडिओवर भजन लावलं की मध्येच कर्जाची जाहिरात मोठ्याने येते आणि आई दचकून दाराकडे बघते, कोण आलं म्हणून. भजन संपलं की आपोआप खुनाच्या बातम्या चालू. हे सेटिंग बंद करता येतं, पण ते मला कळायला सहा महिने गेले.

आणि सांभाळणाऱ्याचं काय? तोच प्रश्न विसाव्यांदा विचारल्यावर मी ओरडलोय, खोटं कशाला बोलू. जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट नावाचा ऑनलाइन कोर्स खास आमच्यासारख्यांसाठी आहे, तो रात्री आई झोपल्यावर थोडा थोडा वाचला, त्याचा गेमपेक्षा जास्त उपयोग झाला. अगदीच जीव गुदमरला तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावता येतो.

२०२३ मध्ये आलेल्या एका सर्व्हेप्रमाणे देशात साठीच्या पुढचे साधारण ८८ लाख लोक डिमेन्शियाचे आहेत. तेवढ्या घरांत कोणीतरी असला टॅब घ्यायचा विचार करत असणार. तेव्हा पुढच्या वेळी अशी माहिती छापताना ॲपवाल्याला एवढं तरी विचारा की घड्याळ बंद करता येतं का, अक्षरं मराठीत आहेत का, आणि चुकलं तर स्क्रीनवर काय दिसतं. आणि मजकूर पैसे घेऊन छापलेला असेल तर वर ‘जाहिरात’ असं मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या घरी पेपर अजून आईच आधी हातात घेते.

आपला,
एक वाचक, सातारा