बाबा, तपासणी पुढे ढकलू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझे ते चमकणारे कण माझ्या कामाला कधी येणार?" मी विषय बदलला. मग आईकडून कळलं, की त्याच आशेवर तुम्ही पुढचा एमआरआय लांबणीवर टाकलाय. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

माझे कण २०-३० नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे हजारो शेजारी शेजारी मावतील. पाण्यात मिसळले तरी कुपी नितळच दिसते. खोलीत अंधार करून तिच्यातून ९८० नॅनोमीटरचा लेझर सोडायचा. तो डोळ्यांना दिसतच नाही, पण कुपीत मात्र दोऱ्याएवढी हिरवी रेघ उमटते. आई, ती रेघ तुला एकदा दाखवायचीच आहे. कणात यिटर्बियम आणि अर्बियम ही दोन मूलद्रव्यं असतात. यिटर्बियम तो अदृश्य प्रकाश टिपतं आणि अर्बियमला देतं. अर्बियम ऊर्जेच्या दोन पायऱ्या चढतं आणि एका उडीत खाली येतं, तोच हिरवा उजेड. हे १९६६पासून ठाऊक आहे.

हे कण शरीरातल्या गाठीची खूण म्हणून वापरायचे. एरवी चमकणाऱ्या खुणेवर निळा प्रकाश टाकला की मांस स्वतःच थोडं उजळतं आणि खूण त्यात हरवते. या लेझरनं तसं होत नाही, कणच तेवढा चमकतो. पण उजेड शरीरात फार खोल जात नाही, म्हणून कणात गॅडोलिनियम नावाचा धातूही घालतो, ते एमआरआयला दिसतं. यिटर्बियम जड असल्यानं क्ष-किरण अडवतं, म्हणजे सीटीलाही दिसतं. तुमचा एमआरआय एका आठवड्यात झाला, सीटी पुढच्या. आई बाहेर तुमचा चष्मा मुठीत धरून बसलेली, आणि नंतर डॉक्टर दोन पडद्यांवर डोळे बारीक करून बघत होते, ही गाठ तीच का? दोन्हीकडे एकच खूण उमटली, आणि ऑपरेशनच्या वेळी गाठीची कडही तिच्याच उजेडात दिसली, तर! मी यासाठीच राबते.

पण बाबा, हे अजून प्रयोगशाळेतच आहे. साधारण सहा नॅनोमीटरपेक्षा मोठा कण मूत्रपिंड गाळून बाहेर टाकू शकत नाही. माझे कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात, आणि तिथे महिनोन्‌महिने राहू शकतात. त्यांतून गॅडोलिनियम सुटलं तर ते विषारी. हा प्रश्न सुटत नाही तोवर ते मी कुणाच्याच शिरेत जाऊ देणार नाही, तुमच्या तर नाहीच. एमआरआयसाठी आज जे इंजेक्शन देतात त्यात गॅडोलिनियम एका छोट्या रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि मूत्रपिंड नीट असेल तर बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. तुमच्यासाठी आत्ता तेच योग्य आहे.

उद्याच फोन करून तपासणीची वेळ घ्या. आई, क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारा, रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव, इंजेक्शनच्या आधी तोच बघतात.

तुमची,
ताई