भाकीत कोणते आणि अंदाज कोणता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फोरकास्ट, प्रेडिक्शन, प्रोजेक्शन, प्रॉफेसी. परदेशी बातम्या मराठीत येताना आपल्या पानांवर या चारही शब्दांचे सरसकट ‘भाकीत’ होते. इंग्रजीत हे शब्द एकमेकांचे भाऊबंद असले, तरी प्रत्येकामागचा पुरावा वेगळा आणि बोलणाऱ्याने पत्करलेली जबाबदारीही वेगळी. हा फरक पुसला गेला की शास्त्रज्ञ आणि ज्योतिषी एकाच पंगतीला बसतात, याची मला मनापासून काळजी वाटते.

फोरकास्ट हा शब्द हवामानासाठी रूढ केला तो रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचे हे कप्तान. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी तारेने मिळणाऱ्या नोंदी जुळवून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचा पहिला हवामान अंदाज छापून आला. आपण देतो ती प्रॉफेसी नव्हे आणि प्रेडिक्शनही नव्हे, निरीक्षण व गणित यांतून बनलेले ते एक मत आहे, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट करून ठेवले होते. आपण मात्र आजही त्यांच्या शास्त्राला भाकीतच म्हणतो.

प्रेडिक्शन अधिक ठाम असते. १७०५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी एक धूमकेतू १७५८ मध्ये परतेल असे सांगितले. ते १७४२ मध्ये वारले. धूमकेतू १७५८ च्या नाताळात दिसला. याला खुशाल भाकीत म्हणावे. पण विज्ञानात प्रेडिक्शन भविष्याचेच असते असेही नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी गणिताने नेपच्यूनची जागा सांगितली आणि १८४६ मध्ये तो जवळपास तिथेच सापडला. ग्रह आधीपासून होताच, सिद्धांतावरून त्याची जागा निघाली एवढेच.

सर्वाधिक घोळ होतो तो भूकंपाच्या बातम्यांत, आणि तिथे तो महागात पडू शकतो. भूकंपाचे प्रेडिक्शन म्हणजे ठिकाण, वेळ आणि तीव्रता हे तिन्ही आधी सांगणे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे म्हणणे असे की, एकाही मोठ्या भूकंपाबाबत हे आजवर कुणाला जमलेले नाही. कॅलिफोर्नियातील पार्कफील्डला १९९३ पर्यंत भूकंप होईल असे त्याच संस्थेने सांगितले होते; तो झाला सप्टेंबर २००४ मध्ये. म्हणून आता ती फक्त फोरकास्ट देते: २०१४ पासूनच्या तीस वर्षांत सॅन फ्रान्सिस्को परिसरात ६.७ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचा एक तरी भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के. अशा वाक्याचे ‘मोठ्या भूकंपाचे भाकीत’ झाले, तर वाचक आधी घाबरतो आणि नंतर विश्वासच ठेवेनासा होतो.

प्रोजेक्शनला तर अट जोडलेलीच असते. संयुक्त राष्ट्रे लोकसंख्येचे आकडे जन्मदराबाबत वेगवेगळी गृहीतके धरून देतात. हवामान बदलाच्या अहवालांतले तापमानही हरितगृह वायूंचे उत्सर्जन किती होईल यावर अवलंबून असते. ही अट बातमीतून गळली की उरतो तो नुसता शाप! उत्सर्जन घटून तापमान कमी वाढले, तर शास्त्रज्ञ चुकले असे होत नाही. धरलेली परिस्थितीच आली नाही, इतकाच त्याचा अर्थ. प्रॉफेसीला मात्र ना आकडेमोड लागते ना कारण. ‘भविष्यवाणी’ हा शब्द तिच्यासाठीच राखून ठेवावा.

तेव्हा विनंती अशी की, अंदाजाच्या, म्हणजे फोरकास्टच्या, बातमीत शक्यतेचे टक्के आणि मुदत दोन्ही छापावीत. आणि प्रोजेक्शन असेल तेव्हा ‘उत्सर्जन असेच राहिले तर’, ‘जन्मदर इतका धरला तर’ ही अट आतल्या परिच्छेदात न दडवता मथळ्यातच द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक