काउंटरवरच्या ताई, तुमच्या त्या दोन ओळींसाठी

ताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच तुमच्या नोकरीवर यायला नको. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दिल्लीचं रात्रीचं विमान रद्द झालं तेव्हा काउंटरवर तुम्ही होतात, रांगेत आम्ही होतो, एवढी ओळख पुरे.

तुमच्याआधी जे भेटले त्यांचं आधी सांगतो. हेल्पलाइनवर बराच वेळ नुसतं संगीत वाजलं आणि फोन कटला. ॲपवर उत्तर आलं, "खराब हवामान". गेटवरच्या साहेबांनीही तेच ऐकवलं. त्यांच्या डोक्यावरच्या बोर्डवर दुसऱ्या कंपनीचं दिल्लीचंच विमान सुटल्याचं दिसत होतं, पण मान वर करून बघायची तसदी कोण घेणार!

तुम्ही बोर्डिंग पास मागितलात, उलटा केलात आणि निळ्या बॉलपेननं लिहिलंत: फ्लाइट नंबर, तारीख, "क्रू उपलब्ध नसल्यामुळे रद्द. प्रवाशांना एसएमएस रात्री ८.१० वाजता." खाली सही आणि शिक्का. मग मागच्याचा पास घेतलात, मग त्याच्या मागच्याचा. कुणी मागितलंही नव्हतं.

भरपाईचं सगळं गणित याच दोन गोष्टींवर उभं असतं, कारण आणि वेळ, हे तुम्हाला ठाऊक होतं. हवामान, दंगल, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा हाताबाहेरच्या कारणांना डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांत भरपाईतून सूट आहे. म्हणूनच 'हवामान' हा शब्द इतक्या सहज तोंडात येतो. क्रू नसणं म्हणजे कंपनीचं स्वतःचं नियोजन चुकलेलं, त्याला हवामानाची ढाल चालत नाही. आणि वेळेचं म्हणाल तर, सुटायच्या आधी २४ तासांच्या आत रद्द झाल्याचं कळवलं, तर भरपाईचा प्रश्न येतो.

दुसरंही एक काम तुम्ही केलंत. एसएमएसमधल्या लिंकवर उद्याच्या विमानाला 'मान्य' करायला एका आजोबांचं बोट निघालं होतं. "काका, थांबा. उद्याचं खरंच चालणार असेल तरच दाबा," म्हणालात. नियम असा आहे की प्रवाशाला मान्य असेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचा पूर्ण परतावा आणि त्यावर भरपाई. एकदा 'मान्य' दाबलं की भरपाईचं बोलणं तिथेच अडतं. परताव्याऐवजी क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारे पैसे, पुढे करतात, तेही घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीनं नाही.

वाचणाऱ्यांसाठी आकडेही लिहितो, कारण यात फार गैरसमज आहेत. उड्डाणाचा नियोजित वेळ १ तासापर्यंत असेल तर ५,०००, १ ते २ तास असेल तर ७,५००, आणि त्याहून जास्त असेल तर १०,००० रुपये. पण ही कमाल मर्यादा आहे. एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क ही रक्कम त्याहून कमी असेल, तर तेवढीच मिळते. म्हणजे दिल्लीच्या ६,२०० च्या तिकिटात या दोन्हींचे मिळून ४,९०० असतील, तर भरपाई ४,९०० आणि परतावा पूर्ण ६,२००. बुकिंग करताना एजंटानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला असेल, तर "प्रवाशाचा संपर्कच नव्हता" म्हणून कंपनी हात झटकू शकते. तिकीट हातात आलं की आपला नंबर आहे ना, एवढं पहिलं बघा.

पुढची वाट सगळ्यांना माहीत असते: कंपनीचा नोडल अधिकारी (तक्रारी बघणारा), मग त्याच्यावरचा अपिलीय अधिकारी, मग एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल, आणि तिथेही नाही जमलं तर आपण राहतो त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. अडतं ते पुराव्यावर. तुमच्यासारखं कुणी लिहून दिलं नाही, तर बोर्डचा फोटो काढावा, एसएमएस पुसू नये, आणि विमानतळाच्या त्या तासाच्या हवामान नोंदी, ज्यांना 'मेटार' म्हणतात, त्या जपून ठेवाव्यात. पण तेवढं करूनही ते आपलं म्हणणं ठरतं. तुमचा शिक्का हे कंपनीचं स्वतःचं म्हणणं होतं, त्यापुढे नोडल अधिकाऱ्यांना 'हवामान' पुन्हा लिहिता आलं नाही.

काउंटरवरच्या माणसाला वरून काय सांगितलेलं असतं, याचा अंदाज आहे. रांग अंगावर येत असते, शिव्या त्यालाच बसतात, निर्णय मात्र कुठल्या तरी लांबच्या ऑफिसात झालेला असतो. अशा वेळी गप्प राहणं सोपं होतं, आणि गप्प राहिलात म्हणून तुम्हाला कुणी बोल लावला नसता. तुम्ही खरं होतं ते लिहिलंत, तेही चिडचिड न करता, प्रत्येकाला पास दोन्ही हातांनी परत देत. असा साधा सरळपणा अनुभवला की माणूस दिवसभराचा राग विसरतो.

बोर्डिंग पासचा कागद थर्मल असतो, म्हणून त्याच रात्री फोटो काढून ठेवला होता. बरं झालं. आता पुढची छपाई पुसट होऊन नाव, सीट, गेट काही वाचता येत नाही. मागची निळी अक्षरं मात्र तशीच आहेत.

तुमचा,
त्या रांगेतला एक प्रवासी