विसरली तरी दुखतंच

संपादक महोदय,

२१ सप्टेंबरच्या अल्झायमर दिनाच्या सुमारास वर्तमानपत्रांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं छापून येतात. नावं न आठवणं, चष्मा भलत्याच ठिकाणी ठेवणं, रस्ता चुकणं. पण घरोघरी पक्का बसलेला एक समज तसाच राहतो: "ओरडलं म्हणून काय झालं, पाच मिनिटांत आई विसरणारच आहे."

आई प्रसंग विसरते. त्याने झालेला त्रास लगेच ओसरत नाही.

मेंदूत दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या पातळीवर आत, हिप्पोकॅम्पस असतो आणि त्याच्या पुढच्या टोकाशी बदामाएवढा अमिग्डाला. कोण, कुठे, केव्हा काय बोललं याची नवी नोंद हिप्पोकॅम्पसमुळे होते. भीतीचा, धोक्याचा ठसा उमटवण्यात अमिग्डालाचा मोठा वाटा असतो. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग बहुधा आधी झिजतो. अमिग्डालालाही झळ लागते, तरी सुखदुःख जाणवणं बरंच उशिरापर्यंत टिकतं.

जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये नोंदवलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांच्या एका रुग्ण बाईंना नवं काहीच लक्षात राहत नसे. हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिला टोचली. पुढे त्यांनी हात पुढे करताच तिने आपला झटकन मागे घेतला, पण का ते तिला सांगता येईना. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्णांना जेमतेम आठवत होतं, पण मनावरचा परिणाम टिकून होता.

म्हणून रोजच्या वागण्यात काही गोष्टी बदलायला हव्यात. "मला ओळखलंस का?" अशी परीक्षा घेऊ नका. समोरून या, नजरेच्या पातळीवर बसा आणि "आई, मी सुनील" असं स्वतःच सांगा. एका वेळी एकच वाक्य बोला आणि उत्तरासाठी दहा-पंधरा सेकंद थांबा. "हे कुठे गेले?" असं तिने विचारलं की दर वेळी "बाबा वारले" सांगितल्याने तिला ती बातमी पहिल्यांदाच कळते. त्यापेक्षा "बाबांची आठवण येतेय का? त्यांना काय आवडायचं गं?" असं विचारा. आंघोळीला ओढत नेलं, तर दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार दिसताच ती अंग आखडू शकते. हा हट्ट नव्हे. अर्धा तास थांबून, पाणी आधी हातावर घालून पुन्हा प्रयत्न करा.

मात्र चिडचिड किंवा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर त्याला आजाराचाच भाग समजू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं, नुकतंच सुरू केलेलं औषध ही कारणं आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. शिवाय या आजारात वास घेण्याची शक्ती लवकर मंदावते. गळणाऱ्या गॅसचा वास आईला येईलच असं धरून चालू नका. रेग्युलेटर रात्री आणि ती घरात एकटी असताना बंद ठेवा.

यंदाच्या विशेष पानावर लक्षणांच्या यादीशेजारी एवढी जागा या सूचनांना द्यावी, ही विनंती.

– एक मेंदूविकारतज्ज्ञ, नाशिक