लुपूची कॅसेट

प्रिय बापू,

इतके महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम एवढं लांबलचक लिहितोय म्हणजे काहीतरी घडलंय हे तू ओळखलंच असशील. घरात सांगून पाहिलं. "मग ऐका की!" एवढंच उत्तर आलं. त्यांचंही बरोबर आहे. पण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

प्रकृती ठीक आहे. बीपीची गोळी सुरू झालीय, बाकी काही नाही.

भाचीच्या पियानोच्या मास्तरांकडे कुणीतरी जुन्या कॅसेटींचं एक खोकं देऊन गेलं. त्यातल्या एकीवर पेन्सिलीनं लिहिलंय: लुपू, फेस्टिव्हल हॉल, आणि खाली तारीख. आपली तारीख, लंडनला रादू लुपूचा पियानो ऐकला त्या रात्रीची. मी माळ्यावरून डायरी काढून ताडून पाहिली, बापू. तीच. आपण वर, स्टेजमागच्या कॉयरच्या (गायकवृंदाच्या) बाकांवर बसलो होतो तेव्हा खाली कुणीतरी कोटात रेकॉर्डर लपवून बसलं होतं. मास्तरांनी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि भाचीनं मला पाठवली, "मामा, सरप्राइज" म्हणून. पोरीला काय माहीत तिनं काय धाडलंय ते. सबंध उत्तरार्ध आहे. शूबर्टची बी फ्लॅट सोनाटा, टाळ्या आणि नंतरचं सगळं. ५३ मिनिटं.

होय, त्यानं पहिल्या मूव्हमेंटचा, म्हणजे पहिल्या भागाचा, रिपीट घेतला, म्हणजे सुरुवातीचा हिस्सा पुन्हा पहिल्यापासून वाजवला, की नाही, या आपल्या भांडणाचा निकाल त्यात आहे. आकड्यावरून काही कळतंय का ते मी आधीच पाहिलं, तू विचारण्यापूर्वी. पहिल्या मूव्हमेंटचा रिपीट घेतला असेल तरी सोनाटा, टाळ्या आणि एन्कोअर (लोकांच्या आग्रहाखातर वाजवलेलं जास्तीचं) ५३ मिनिटांत बसतात, आणि घेतला नसेल तरी दोन एन्कोअर धरून बसतात. म्हणजे ऐकल्याशिवाय सुटका नाही. लुपूची डिस्क पुरावा म्हणून चालणार नाही, हे आपलं त्या पुलावरच ठरलं होतं. स्टुडिओत तो काय करतो त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, त्या रात्री काय केलं ते बोल, असं तूच ओरडला होतास. हंगरफर्डचा तो जुना अरुंद पूल, खाली थेम्स, शेजारून चेरिंग क्रॉसच्या गाड्या धडधडताहेत आणि तू कठड्यावर मूठ आपटत मला ती नऊ बारं, म्हणजे नऊ आवर्तनं, गाऊन दाखवतोयस. समोरून येणारे लोक बाजूला होऊन तुला वाट देत होते, आठवतं?

तुझं म्हणणं, त्यानं रिपीट घेतला. ती नऊ बारं शूबर्टनं फक्त मागे फिरण्यासाठी लिहिली आहेत, रिपीट गाळला की ती ऐकूच येत नाहीत, आणि त्यांत खर्जातला तो ट्रिल, दोन शेजारच्या सुरांची ती थरथर, एकदाच, सबंध सोनाटात एकदाच, पूर्ण जोरानं गर्जतो. तू म्हणालास, मी दचकलो, बाकाला गुडघा आपटला, म्हणजे वाजलाच. मी म्हणालो, नाही. आणि मी आजही नाहीच म्हणतो. ब्रेंडेलसारखा मोठा पियानोवादक रिपीट घ्यायचा नाही आणि का घ्यायचा नाही ते लिहूनही गेला, तेव्हा न घेणं म्हणजे काही पाप नव्हे. पण माझा मुद्दा तो नव्हताच. त्या रात्री तुला नीट सांगता आलं नाही, आता सांगतो.

माझ्या आठवणीत तो ट्रिल एकदाही आवाज चढवत नाही. सुरुवातीची ती धून, प्रार्थनेसारखी, अगदी हळू, आणि आठव्या बारात डाव्या हाताखाली खोल तो सूर थरथरतो, जी फ्लॅट. आपल्याला लुपूचा चेहरा समोरून दिसत होता. पियानोचं झाकण पलीकडे, लोकांच्या बाजूला उघडलेलं, म्हणून आपल्यापर्यंत आवाज जरा झाकलेलाच यायचा. तो नेहमीच्या स्टुलावर बसला नव्हता, पाठीच्या साध्या खुर्चीवर मागे टेकून बसला होता, जेवण झाल्यावर कुणी गप्पा मारत बसावं तसा. त्या ट्रिलच्या वेळी खांदा हलला नाही, मनगट हललं नाही. दोन बोटं तेवढी हलली. मला तो कानांनी ऐकू आला की बाकाच्या लाकडातून आला, हे मी आजवर सांगू शकलेलो नाही. नंतर जी शांतता झाली तिच्यात अख्खा हॉल बसला होता. एवढी वर्षं मी ते उराशी धरून आहे. रात्री झोप येत नाही तेव्हा मी तिथे जाऊन बसतो.

आता तुझं खरं असेल, तर त्याच रात्री थोड्या वेळानं तोच ट्रिल गर्जला आणि मी तो पुसून टाकला. मग बाकीचंही मीच रचलेलं नाही कशावरून?

कबूल करतो, मी थोडं ऐकलं. पहिल्या रात्री नाही. तिसऱ्या रात्री. सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून, पडद्यावरची वेळ अंगठ्यानं झाकून. टाळ्या, खुर्चीचा आवाज, मग कुणीतरी गोळीचा कागद उलगडतंय, सावकाश, कुर्र कुर्र, संपता संपत नाही. बापू, तो तूच आहेस असं मी शपथेवर सांगेन. पुदिन्याच्या त्या गोळ्या तू दरवेळी सुरुवातीच्या क्षणालाच काढायचास आणि आवाज होऊ नये म्हणून इतक्या हळू उलगडायचास की दुप्पट वेळ चालायचं. मी एकटाच अंधारात हसलो.

मग सोनाटा सुरू झाली. आठवा बार आला आणि तिथे काहीच नव्हतं. नुसती टेपची खरखर. तो ट्रिल इतका हळू वाजवला होता की त्या यंत्राला तो ऐकूच आला नाही. खरखर, आणि तिच्यातून पुन्हा ती धून वर आली. मी बंद केलं.

तेव्हापासून पंचाईत ही झालीय की डोळे मिटून तिथे जायला बघतो तेव्हा मला खरखर ऐकू येते. दोन मिनिटांत हे झालं. उरलेली ५१ ऐकली तर काय शिल्लक राहील?

आणि दुसरं. लुपू स्वतःच रेकॉर्डिंग नको म्हणत होता. शेवटची कितीतरी वर्षं डिस्क नाही, रेडिओला परवानगी नाही, मुलाखत नाही. लीड्सची पियानोस्पर्धा १९६९ साली जिंकलेला माणूस, सगळं जग मागे लागलेलं, आणि यानं ठरवलं की जे काय ते त्या खोलीतल्या माणसांसाठी. तेव्हा तू त्याला हट्टी म्हणायचास. मीही म्हणत होतो. तूच मला शिकवलंस की पियानोचा सूर हातोडी पडल्या क्षणापासून विझत जातो, गायकासारखा तो मागाहून फुलवता येत नाही, म्हणून आधीचा सूर किती विझलाय ते ऐकूनच पुढचा ठेवावा लागतो. लुपू ते ऐकायचा. शेवटी वाजवलेलं ब्राम्सचं ते इंटरमेझो, ओपस ११७ मधलं पहिलं, त्यात धून वरच्या आणि खालच्या सुराच्या मध्ये दडलेली आहे, अंगाईसारखी. त्यानं ती मधल्या बोटांनी अशी काढली की वरचा सूर नुसता पांघरुणासारखा वाटला. तू तेव्हा रडत होतास. मी दुसरीकडे बघत होतो. हे आजवर बोललो नव्हतो.

अशा माणसाचं वाजवणं कुणीतरी खिशात घालून नेलं आणि ते आज माझ्याकडे आहे. पुसून टाकावं म्हटलं तर हात होत नाही. ठेवलं तर चोरीचा माल घरात असल्यासारखं वाटतं.

एप्रिल २०२२ मध्ये तो गेला त्या दिवशी तुझे तीन फोन आले होते. मी उचलले नाहीत. कामात होतो असं नंतर लिहिलं, ते खोटं होतं. फोन हातात घेऊन गॅलरीत उभा होतो. तू रिपीटचं काढशील आणि मी त्या दिवशीही भांडेन अशी भीती वाटली. तू तसं केलं नसतंस हे मला कळायला हवं होतं. माफ कर.

तू पियानो विकल्याचं वहिनींकडून कळलं. भेटल्यावर बोलू. लेकीला नोकरी लागली, फार आनंद झाला, तिला माझा आशीर्वाद सांग. वहिनींचा गुडघा कसा आहे?

ती सोनाटा शूबर्टनं सप्टेंबर १८२८ मध्ये पुरी केली आणि नोव्हेंबरात तो गेला, ३१ वर्षांचा. आपण तेव्हा चोवीस-पंचविशीत होतो आणि ३१ म्हणजे खूप झालं असं आपल्याला वाटायचं.

मी त्या फाइलला आता हात लावणार नाही. तुला पाठवणारही नाही, कारण तू लगेच ती नऊ बारं शोधशील आणि मला फोन करशील. तू इकडे ये. एकत्र ऐकायची असेल तर ऐकू, पुसायची असेल तर तू पूस. पण त्याआधी मला एवढंच लिहून कळव: ट्रिल गर्जला म्हणतोस ते राहू दे, त्याच्या आधीचा, पहिला, आठव्या बारातला, तो तुला ऐकू आला होता ना?

तुझाच,
नाना