मालगुंडचे घर आणि फैजपूरची शाळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीपुळ्याचे दर्शन झाले की बहुतेक गाड्या परत फिरतात. आमच्या सावद्याची गाडीही फिरणारच होती. मी हट्टाने ती मालगुंडला न्यायला लावली. कवी केशवसुतांचे जन्मघर तिथे आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने त्याचे स्मारक झाले आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घर साधेच, समुद्र जवळ, आवारात कविता कोरून लावलेल्या. आमच्यातल्या मुलांनी 'तुतारी' मोठ्याने वाचायला घेतली. जन्मभर मी ती वर्गात शिकवली. पण मुले आपणहून कवितेपुढे थांबली, हे सुख मला तिथे मिळाले.

एका स्थानिक गृहस्थांनी विचारले, "कुठल्या तुम्ही, ताई?" मी म्हटले, "जळगाव जिल्हा. फैजपूरच्या शेजारी." ते लगेच म्हणाले, "म्हणजे केशवसुत जिथे हेडमास्तर होते तिथल्या!"

मालगुंडला हे माहीत आहे. आमच्याकडे किती जणांना आहे?

मुंबईत प्लेग पसरला तेव्हा कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच आपले केशवसुत, हा तरुण शिक्षक खानदेशात आला. तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन भागही झाले नव्हते, सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. आधी गिरणाकाठच्या भडगावला नगरपालिकेच्या शाळेत, मग 1901 पासून फैजपूरला मुख्याध्यापक म्हणून त्यांनी नोकरी केली. 1904 मध्ये ते धारवाडला गेले. ज्या प्लेगमुळे मुंबई सोडली, त्यानेच 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीत त्यांना गाठले. उणेपुरे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य, त्यातली ऐन उमेदीची वर्षे त्यांनी आमच्या मुलांना धडे देण्यात घालवली! 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही त्यांची कविता वाचताना मला नेहमी वाटते, आमच्याकडून पाहिले तर कोकण त्याच दिशेला आहे.

फैजपूर म्हटले की 1936 चे काँग्रेस अधिवेशन सगळ्यांना आठवते, ते योग्यच आहे. पण केशवसुत इथे राहिले, हे सांगणारी पाटी ना तिथे माझ्या पाहण्यात आली, ना भडगावला. धरणगाव बालकवींचे, आसोदे बहिणाबाईंचे माहेर, आणि भादली स्टेशनाजवळ बालकवींचा अंत झाला. केशवसुतांची दोन गावे जोडली तर शाळेच्या सहलीसाठी जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या आमच्या विद्यापीठाने हे मनावर घ्यावे. दोन्ही गावांच्या शाळांतली, नगरपालिकांतली जुनी दप्तरे कुणी जाणत्याने एकदा चाळावीत. त्या काळची हजेरीपत्रके, पगारपत्रके सापडली तर वाळवी लागण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. हे काम सगळ्यात आधी व्हायला हवे, पाटी नंतर लागली तरी चालेल.

तरीही पाटीचे काम कुणी अंगावर घेणार असेल, तर फैजपूरच्या दगडाचा आणि कोरणावळीचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)